दाढेचे जुने-नवे एक्स-रे एकमेकांवर बसत नाहीत? आधी विचारा, सेन्सर हलला की ट्यूब

खालच्या डाव्या पहिल्या दाढेचं, आमच्या भाषेत छत्तीस नंबरचं, रूट कॅनाल होऊन वर्ष झालं होतं. काकू तपासणीला आल्या, आयओपीए, म्हणजे मुळाच्या टोकापर्यंतचा छोटा एक्स-रे, काढला, जुना शेजारी लावला. मागच्या मुळाच्या टोकाखालचा काळा डाग जवळपास निम्म्याने लहान दिसला. मला आनंद झाला आणि तो मी काकूंना बोलूनही दाखवला. संध्याकाळी दोन्ही चित्रं नीट एकावर एक बसवायला घेतली, तर ती बसेनात. दाढेचा वरचा भाग जुळवला की मुळं सरकायची, मुळं जुळवली की शेजारची दाढ हलायची. तासाभराने लक्षात आलं की डाग लहान झाला की नाही, हे या दोन चित्रांवरून मला सांगताच येणार नाही. दुसरं चित्र वेगळ्या कोनातून आलं होतं आणि मुळाची सावली डागावर चढली होती.

रूट कॅनालनंतरची तपासणी असो, हिरडीच्या आजारात हाड किती खाली गेलं ते पाहणं असो, इम्प्लांटभोवतीचं, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवतीचं हाड असो किंवा तारा लावल्यावर मुळं झिजतात का हा प्रश्न असो, गाडी शेवटी इथेच अडते. एमडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकातले पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी चित्रं जुळवतात आणि हेच विचारतात. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी विचारतात, 'अल्गोरिदम कोणता वापरू?' माझं उत्तर दोघांनाही एकच आहे. अल्गोरिदम नंतर. आधी हे शोधा की दोन भेटींच्या मध्ये काय हललं. दात आणि तोंडात ठेवलेला, चित्र टिपणारा सेन्सर यांचं नातं बदललं, की दात आणि एक्स-रेची ट्यूब यांचं?

यातली पहिली चूक संगणकावर पूर्णपणे सुधारते. दुसरी कधीच सुधारत नाही.

लहानपणी लाइट गेली की मेणबत्तीसमोर हात धरून भिंतीवर हरीण, ससा करायचो, ते आठवा. मेणबत्ती आणि हात जिथल्या तिथे ठेवून भिंतीऐवजी एक पुठ्ठा धरला आणि तो तिरका केला, तर ससा लांबतो, एका बाजूला फुगतो. पण कोणतं बोट कोणत्या बोटाला झाकतंय, ते बदलत नाही. तिरक्या पुठ्ठ्यावरचा ससा गणिताने सरळ करता येतो. आता पुठ्ठा तसाच ठेवून मेणबत्ती बाजूला सरकवा. दोन बोटांमधली फट बुजते किंवा नवीन फट उघडते. बुजलेली फट त्या सावलीत उरलेलीच नसते, त्यामुळे कुठलंही गणित ती परत आणू शकत नाही.

सेन्सर म्हणजे पुठ्ठा, ट्यूब म्हणजे मेणबत्ती. ट्यूब आणि दात यांचं नातं तेच असेल, तर सेन्सर कितीही तिरका बसला, वर-खाली झाला, थोडा फिरला, तरी जुनं आणि नवं चित्र एका प्रोजेक्टिव्ह रूपांतराने, म्हणजे तिरका पुठ्ठा सरळ करणाऱ्या गणिताने, अगदी काटेकोर जुळतं. त्यात आठ अज्ञात संख्या असतात, म्हणून दोन्ही चित्रांत ओळखू येणारे किमान चार बिंदू लागतात, आणि त्यातले कोणतेही तीन एका रेषेत नसावेत. अफाइन हे त्याहून साधं रूपांतर, नुसतं सरकवणारं, फिरवणारं, सगळीकडे सारखं ताणणारं. त्यात सहाच संख्या असतात. चित्राच्या एका टोकाला दात मोठे आणि दुसऱ्या टोकाला लहान होत जातात, ही गोष्ट अफाइनला कळतच नाही. अनेकांची गाडी इथेच अडकलेली असते: सेन्सर तिरका होता आणि जुळवणी अफाइनने चालली होती.

ट्यूब हलली असेल तर किती बिघडतं, ते एकदा आकड्यात बघून घ्या. गालाकडच्या हाडाची कड आणि जिभेकडच्या हाडाची कड यांच्यात 8 मिमी अंतर धरा. ट्यूबचा उभा कोन 5 अंशांनी बदलला, तर या दोन कडा एकमेकींच्या तुलनेत साधारण 0.7 मिमी सरकतात. नुसता 2 अंश बदलला तरी जवळपास 0.3 मिमी. आता इम्प्लांटचा निकष आठवा. 1986 मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कसोटीत पहिल्या वर्षानंतर हाडाची घट दरवर्षी 0.2 मिमीपेक्षा कमी असावी, असं आहे. 2 अंशांची चूक त्या 0.2 ला गिळून टाकते. म्हणूनच कोनाबद्दल मी इतकी हट्टी आहे.

फरकाचं चित्र वाचायला शिका

कोणती चूक झाली आहे ते ओळखण्याचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे वजाबाकी. रेडिओलॉजीत ही कल्पना जुनी आहे. डच डॉक्टर झीडसेस देस प्लान्टेस यांनी ती 1930च्या दशकात मांडली, आणि 1980च्या दशकात दंतवैद्यकात ती संगणकावर आली. नव्या चित्रातून जुनं वजा करायचं आणि 128, म्हणजे काळा 0 आणि पांढरा 255 यांच्या मधली छटा, मिळवायचे, म्हणजे जिथे काहीच बदललं नाही तिथे सपाट राखाडी रंग येतो. हाड गेलं असेल तिथे गडद, भरलं असेल तिथे उजळ. चित्रं संपादित करायचा साधा गिम्प प्रोग्रॅम वापरत असाल तर दोन थर एकावर एक ठेवून वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' करा. त्यात गडद-उजळ ही दिशा कळत नाही, पण जुळवणीची चूक स्वच्छ दिसते.

जुळवणी चुकली की दातांच्या कडांना एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी रेघ येते, नाण्यावरच्या उठावासारखी. ही रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक आहे, त्यावर सगळं निदान आहे. सगळ्या चित्रभर सारखीच जाड आणि एकाच दिशेला असेल, तर चित्र नुसतं सरकलंय. मधल्या दाढेपाशी काहीच नाही आणि कडेला जाताना जाड होत जाते, तर फिरलंय किंवा आकारमान बदललंय. मुळांपाशी छान जुळलंय पण वरच्या भागात उठाव दिसतो, किंवा पुढचा दात जुळतो आणि मागचा नाही, तर बहुतेक सेन्सर तिरका आहे. मग प्रोजेक्टिव्ह करून बघा.

त्यानंतरही गालाकडचे उंचवटे जुळवले की जिभेकडचे फाटतात आणि जिभेकडचे जुळवले की गालाकडचे, असं होत असेल तर थांबा. ट्यूब हललेली आहे. खालच्या दाढेला हे तपासायला सोपं जातं, कारण गालाकडचे आणि जिभेकडचे उंचवटे चित्रात वेगवेगळे ओळखता येतात. शेजारच्या दोन दातांमधली संपर्काची जागा आधी उघडी दिसत होती आणि आता दात एकमेकांवर चढलेत, तर आडवा कोन बदललाय. इम्प्लांट असेल तर त्याच्या आट्या बघा. दोन्ही बाजूंच्या आट्या कोरून काढल्यासारख्या स्पष्ट असतील तर किरण काटकोनात पडलेत. एकाच बाजूच्या स्पष्ट आणि दुसऱ्या पुसट असतील तर उभा कोन चुकलाय. चार्ल्स क्लार्क यांनी 1910 मध्ये नेमक्या याच सरकण्याचा उपयोग करून, न उगवलेला दात टाळूकडे आहे की बाहेरच्या बाजूला, हे ओळखण्याची पद्धत दिली. त्यांच्या कामी आलेली गोष्ट आपल्याला इथे आडवी येते.

ट्यूब हललेली जोडी मी मोजमापाला वापरत नाही. नोंदीत तसं लिहिते: 'कोन भिन्न, तुलना नको.' लगेच पुन्हा एक्स-रेही काढत नाही, जोवर उपचाराचा निर्णय त्यावर अडलेला नाही. आपल्या यंत्रांची नोंदणी ज्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे, त्याचा आग्रह हाच आहे की डोस शक्य तितका कमी आणि कारणाशिवाय एकही नको. चित्र जुळत नाही म्हणून पेशंटला आणखी एक डोस देणं मला पटत नाही. पुढच्या ठरलेल्या भेटीला कोन बरोबर धरता येतो.

चित्र आलंय कुठून?

खरं तर हा मुद्दा सर्वात आधी घ्यायला हवा, कारण यात वेळ कमी जातो आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात. जुनं चित्र व्हॉट्सॲपवरून आलं असेल तर त्याचं आकारमान बदललेलं असतं, बारीक तपशील दाबला गेलेला असतो आणि एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर ही माहिती गेलेली असते. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो असेल तर त्यात मोबाइलचा तिरकेपणा आणि पडद्याच्या जाळीचे पट्टे वरून मिसळलेले असतात. खिडकीसमोर धरून फोटो काढलेली फिल्मही तशीच. हे बघायला ठीक, मोजायला नाही. ज्या दवाखान्यात काढलं तिथून मूळ फाइल मागा, डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा फाइल-प्रकार) असेल तर उत्तम, नसेल तर तपशील न दाबणारी टिफ. सॉफ्टवेअरमधून बाहेर काढताना धार वाढवणं, आपोआप उजळ करणं असले फिल्टर बंद करायला सांगा. धार वाढवली की हाडाच्या कडेला खोटी पांढरी किनार येते आणि वजाबाकीत ती नवीन हाडासारखी दिसते.

दोन चित्रांचा सेन्सर वेगळा असेल तर पिक्सेलचा आकार वेगळा असणार. एकात 20 मायक्रॉन आणि दुसऱ्यात 40 असतील, तर आधी दोन्ही एका मापावर आणा. हे काम जुळवणीच्या अल्गोरिदमवर सोडू नका. त्याला मोठा बदल झेपत नाही आणि तो जवळच्या चुकीच्या जागी जाऊन अडकतो.

सेन्सरऐवजी फॉस्फर प्लेट, म्हणजे तोंडात ठेवून मग स्कॅन करायची पातळ पट्टी वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी बघायच्या. प्लेट उलटी स्कॅन झाली की डावं-उजवं बदलतं. मग तो अल्गोरिदम काय करणार? पन्नास वेळा फिरवेल. आणि तोंडात प्लेट वाकली असेल तर कोपऱ्यातला दात ताणलेला येतो. वाकलेली प्लेट सपाट उरलेली नसते, म्हणून प्रोजेक्टिव्हही तिला सरळ करू शकत नाही. तो कोपरा कापून टाका आणि मधल्या भागावर काम करा.

आकार का वाढतो

सावली नेहमी वस्तूपेक्षा मोठी. ट्यूबचा फोकस, म्हणजे किरण निघतात ती जागा, दातापासून 200 मिमीवर आणि सेन्सर दातामागे 10 मिमीवर असेल तर चित्र 1.05 पट. सेन्सर 20 मिमी मागे गेला, तर 1.10 पट. 20 मिमी लांब दातावर हा फरक 1 मिमीचा होतो. टाळू उथळ असेल, उमासे येत असतील किंवा जिभेखाली जागा कमी असेल, तर सेन्सर कधी दाताला चिकटून बसतो आणि कधी लांब. ट्यूबचं लांब नळकांडं (लाँग कोन) वापरून फोकस 400 मिमीवर नेला तर तेच आकडे 1.025 आणि 1.05 होतात, म्हणजे चूक निम्मी. ही चूक जुळवणीत सुधारते, पण दोन चित्रं न जुळवताच वेगवेगळी मोजणाऱ्याला ती फसवते.

बिंदू कुठे लावायचे

सगळे बिंदू आजारी दाढेवर लावू नका. इनॅमल संपून मूळ सुरू होतं ती कड, शेजारच्या दातांची तीच जागा, पल्प चेंबरच्या, म्हणजे दाताच्या आतल्या पोकळीच्या छताचे कोपरे, जुन्या चांदीच्या फिलिंगचा टोकदार कोपरा, हे विश्वासाचे. मधल्या काळात फिलिंग बदललं असेल किंवा कॅप बसली असेल, तर ते बिंदू गेले. मुळाचं टोक डागापाशीच असतं आणि तेच झिजलेलं असू शकतं, म्हणून आजारी मुळाचं टोक मी घेत नाही. हलणारा दात घेत नाही. लहान मुलांत जबडाच वाढत असतो, तिथे शेजारचा दातही भरवशाचा नाही.

बिंदू चित्रभर पसरलेले असावेत, आणि चारवर कधीच थांबू नका. चार बिंदूंवर प्रोजेक्टिव्ह बसवलं की उरलेली चूक नेहमीच शून्य येते, कारण आठ अज्ञातांना आठच माहित्या दिलेल्या असतात. तो शून्य बघून विद्यार्थी खूश होतात. आठ-दहा बिंदू लावा, मग एक एक बिंदू बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याची जागा काढा आणि किती चुकते ते बघा. 20 मायक्रॉनच्या सेन्सरवर हा फरक 5 पिक्सेलच्या आत असेल, म्हणजे 0.1 मिमी, तर मी पुढे जाते. एखाद्याच बिंदूवर चूक मोठी असेल तर बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी टिचकला गेलेला असतो. ओपनसीव्ही या प्रोग्रॅमिंगच्या साधनात होमोग्राफी (प्रोजेक्टिव्हचंच दुसरं नाव) काढताना रॅन्सॅक ही पद्धत लावता येते, ती असे चुकार बिंदू वगळते. पण दहा बिंदूंतले चार वगळले गेले, तर ट्यूब हलल्याची शंका आधी घ्या.

आपोआप खुणा शोधणारे सिफ्ट, ऑर्ब वगैरे दंत एक्स-रेवर मनासारखे चालत नाहीत, असा माझा अनुभव आहे. चित्र मऊ असतं, हाडाची जाळी सगळीकडे सारखीच दिसते, आणि खुणा सापडतात त्या फिलिंगच्या कडांवर गोळा होतात. हाताने बिंदू लावून ढोबळ जुळवा, मग बारीक जुळवणी आपोआप होऊ द्या. इमेजजे या प्रोग्रॅममधलं टर्बोरेग हे जुळवणीचं साधन चांगलं आहे, पण त्यात अफाइन आणि बायलिनियर आहे, खरं प्रोजेक्टिव्ह नाही. बायलिनियरलाही चार बिंदू लागतात म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. तसं नाही, बायलिनियरमध्ये तिरकी सरळ रेष वाकू शकते.

टर्बोरेग राखाडी छटांमधला फरक कमीत कमी करत जातं, म्हणून दोन चित्रांचा उजळपणा आधी सारखा करावा लागतो. एक्स्पोजर 0.08 सेकंदाचं 0.12 झालं की तेच हाड वेगळं दिसतं. त्यासाठी रुटिमन, वेबर आणि श्मिट यांनी 1986 मध्ये दोन्ही चित्रांच्या छटांचं वाटप एकमेकांशी जुळवण्याची पद्धत दिली, ती आजही कामाची आहे. मी ती संपूर्ण चित्रावर न लावता बदल नसलेल्या भागावर, म्हणजे शेजारच्या निरोगी दातावर आणि त्याच्या हाडावर ठरवते आणि मग सगळ्या चित्राला लावते. नाहीतर नव्या कॅपचा पांढराशुभ्र ठिपका सगळा हिशोब ओढून नेतो. जुळवणीचं दुसरं साधन, सिंपलआयटीके, वापरत असाल तर दोन चित्रं किती जुळली हे ठरवायला म्युच्युअल इन्फर्मेशन हे माप घ्या, त्याला उजळपणाच्या फरकाचा त्रास बराच कमी होतो. कोणतंही माप घ्या, डागाचा भाग आणि कॅप मास्कने झाकून जुळवणी करा.

आणि एक कळकळीची विनंती. बी-स्प्लाइनसारखी लवचिक जुळवणी इथे वापरू नका. ती चित्र रबरासारखं ताणते आणि फरकाचं चित्र इतकं सुंदर सपाट देते की बघत राहावं. पण ते सपाट आलं, कारण तिने मोठा डाग ताणून लहान केला. जे शोधायचं होतं तेच तिने पुसलं. एका प्रबंधात मी हे पाहिलं, मुलीचे सहा महिने गेले होते त्यात.

पुढच्या वेळी कोन कसा धरायचा

ट्यूबचं तोंड टेकवायला कडं असलेला सेन्सरचा होल्डर आणि समांतर पद्धत, म्हणजे सेन्सर दाताला समांतर ठेवणं, हे किमान. हाताने सेन्सर धरून अंदाजाने कोन लावलेली दोन चित्रं जुळली तर तो योगायोग. वर्षानुवर्षं बघायच्या केसला मी होल्डरच्या बाइटब्लॉकवर, म्हणजे पेशंट चावतो त्या ठोकळ्यावर, ठसा घ्यायची पुट्टी लावून पेशंटला चावायला लावते. दातांचा ठसा उमटतो, आणि पुढच्या वेळी होल्डर त्याच ठशात बसतो. पुट्टी ॲडिशन सिलिकॉनची घ्या, ते आकार टिकवून धरतं, कंडेन्सेशन प्रकारचं आकसतं. ठसा निर्जंतुक करून, कोरडा करून, पेशंटच्या नोंदीचा नंबर घालून पिशवीत ठेवायचा.

इथे एक खाच आहे, जिने मला दोनदा पकडलं. रूट कॅनालनंतर कॅप बसते. कॅपने दाढेचा आकार बदलतो आणि जुना ठसा बसत नाही, होल्डर एका बाजूने उचलला जातो. म्हणून ठसा घेताना शेजारच्या दोन-तीन दातांचा घ्या आणि उपचाराच्या दाढेपुरती पुट्टी चाकूने खोलगट कापून टाका. होल्डर शेजाऱ्यांवर बसू द्या.

होल्डरचं कडं आणि ट्यूबचं तोंड यांच्यात फट राहिली तर सगळं पाण्यात. बटण दाबण्याआधी वरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की काल घाईत बोलले, अजून खात्री नाही. दाढ दुखत नव्हती, हिरडीला सूज नव्हती, थांबायला हरकत नव्हती. सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पहिलं चित्र समोर ठेवून, संपर्काची जागा आणि उंचवटे तसेच दिसतील असा कोन लावला, आणि एकच एक्स-रे काढला. दहा बिंदू, प्रोजेक्टिव्ह, चूक 4 पिक्सेल. फरकाच्या चित्रात डागाच्या कडेने उजळ कडं आलं होतं, मध्यभाग अजून राखाडी होता. डाग भरत होता, पण निम्म्याने नाही, साधारण चौथ्या हिश्श्याने. त्याच भेटीत पुट्टीचा ठसा घेतला. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजीच्या 2006 च्या मार्गदर्शनाप्रमाणे, वर्षभरात डाग पूर्ण गेला नाही तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं असतं. काकूंची अडीच वर्षं अजून बाकी आहेत. ठशाची पिशवी त्यांच्या फाइललाच टाचून ठेवली आहे.